ईस्टरनंतरचे पन्नास दिवस: तुमच्या घरात काय करतात?

बेळगाव, कॅम्प (धागा काढणारे)

उपवासकाळ आपण चाळीस दिवस पाळतो आणि पुनरुत्थानाला एक रविवार देतो, तोही बिर्याणीच्या पातेल्याभोवती. उपासनेचं कॅलेंडर मात्र ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस धरतं. २०२६ मध्ये ५ एप्रिल ते २४ मे, २०२७ मध्ये २८ मार्च ते १६ मे. ख्रिस्त उठला असं मानणारं घर या दिवसांत काय वेगळं करतं, ते कसं करायचं आणि कुठे फसतं, तेवढं लिहा. मिस्सावाले (कॅथलिक), मेथोडिस्ट, सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) सगळ्यांनी लिहा. आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

खानापूर तालुका

भांडण मिटवण्यापासून सुरुवात करा. आपल्या भागात घरटी एक तरी भाऊबंदकीचं प्रकरण असतं: बांध, विहिरीची पाळी, नाहीतर आईचे दागिने. बायबलात योहान २१ मध्ये येशू पेत्राला, "मी याला ओळखत नाही" असं म्हणून नाकारल्याबद्दल, एका शब्दाने बोलत नाही. आधी कोळशाच्या विस्तवावर मासे आणि भाकर तयार ठेवतो, "या, न्याहारी करा" म्हणतो, आणि खाणं झाल्यावरच प्रश्न विचारतो. तोच क्रम ठेवा.

खुद्द ईस्टरच्या दिवशी जाऊ नका. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, समोरच्याला चारचौघांत हो म्हणावं लागतं आणि आठ दिवसांत ते हो विरघळतं. पहिल्या आठवड्यातला साधा वार बघा, संध्याकाळी सातनंतर. आधी एकट्याने जायचं. मत्तय १८:१५ हेच सांगतं. नाही जमलं तर दोघांनाही चालेल असा एक माणूस घेऊन. फादर किंवा पाद्रीसाहेबांना पहिल्याच फेरीत नेलं तर समोरच्याला वाटतं, आपल्यावर पंचायत बसवली.

काय बोलायचं ते घरून ठरवून जा, दोन वाक्यं पुरेत. "मी अमुक बोललो ते चुकलं." पुढे "पण तूही" आलं की गेलेली फेरी वाया. समोरच्याने लगेच माफ करावं अशी अपेक्षा ठेवू नका, चहा घेतला तरी पुष्कळ.

जमिनीची गोष्ट त्याच बैठकीत काढायची नाही. उतारा, मोजणी, वाटणीपत्र यांचा दिवस वेगळा, माणसं वेगळी. मन भरून आलेलं असताना केलेल्या सह्या पुढे कोर्टात जातात. उलटंही खरं: कोर्टात केस चालू असली तरी एकमेकांच्या घरच्या बारशाला जाता येतं. निकाल लागेपर्यंत बोलायचं नाही असा कायदा कुठेच नाही.

आणि व्हॉट्सॲपवर "हॅपी ईस्टर"चं चित्र पाठवणं म्हणजे समेट नव्हे.

बेळगाव, शहापूर

वरच्याला पुस्ती. ज्या घरात वर्षभरात मयत झालं आहे, त्या घरी ईस्टरच्या सोमवारी किंवा मंगळवारी जा. गुड फ्रायडेला सगळेच जातात, रविवारी आपापल्या गडबडीत कोणी जात नाही, आणि पहिला ईस्टर त्या घराला फार जड जातो. "देवाची इच्छा" आणि "तो आता चांगल्या ठिकाणी आहे" ही दोन वाक्यं उंबऱ्याबाहेर ठेवा. मेलेल्या लाजराला उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो कबरेकडे जाताना रडला (योहान ११:३५). पुनरुत्थानावर विश्वास असला म्हणजे रडू नये, हे आपल्याकडे कोणी शिकवलं कळत नाही. गेलेल्याचं नाव घ्या, त्याच्याबद्दल बोला. जाताना डबा न्या, पण परत न मागण्यासारख्या भांड्यात.

देसूर

कबरींबद्दल. ईस्टरच्या पहाटेची प्रार्थना दफनभूमीत असेल तर सफाई पवित्र आठवड्याच्या (ईस्टरआधीच्या आठवड्याच्या) आधीच्या शनिवारी उरका. शेवटच्या चार दिवसांत माणसं मिळत नाहीत. वाळलेलं गवत पेटवून देऊ नका. लाकडी क्रूस होरपळतात, दगड तडकतो आणि मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात आग कुंपणापलीकडे जायला वेळ लागत नाही. विळ्याने कापा, पायात बूट, आणि गवतात हात घालण्याआधी काठी आपटायची.

जांभ्या दगडावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडलं तर दगडाचा पृष्ठभाग सुटतो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट शेवाळ धरतं. काथ्याचा ब्रश आणि पाणी बस. चुना द्यायचा असेल तर कळीचा चुना आदल्या दिवशी लोखंडी घमेल्यात विरवा. प्लास्टिकची बादली त्या उष्णतेने वाकते, आणि उसळलेला चुना डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती, म्हणून पोरांना लांब ठेवा. रात्रभर मुरला की गाळायचा, मूठभर मीठ घालायचं, दोन पातळ हात द्यायचे. एकच जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात.

ज्या कबरीकडे बघणारं कोणी उरलं नाही, ती आधी घ्या. आपली शेवटी.

वेळेचं: बेळगावात त्या सुमारास सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो, ईस्टर मार्चमध्ये आला तर साडेसहाच्या जवळ. पावणेसहाला गाणी सुरू केली तर योहान २० चं वाचन, मग्दालीया मरीया अंधार असतानाच कबरेकडे येते ते, खरोखर अंधारात होतं. वाचणाऱ्याकडे बॅटरी हवी, हे दरवर्षी कोणीतरी विसरतंच.

बेळगाव, टिळकवाडी

मेथोडिस्ट आहे. कबरी, चुना सगळं ठीक, पण करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय वाचून थांबू नका. पुनरुत्थानावरचं ते अख्खं प्रकरण संपतं आणि पुढच्याच ओळीत, १६:१-२ मध्ये, पौल वर्गणीवर येतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईच्या मानाने बाजूला काढून ठेवावं. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हते, म्हणजे मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंत दोन्ही धरून आठ रविवार. घरात एक डबा, दर रविवारी चर्चला निघण्याआधी त्यात टाकायचं. रक्कम आधी ठरवू नका, त्या आठवड्याच्या कमाईचा हिस्सा ठरवा, म्हणजे रोजंदारीवाल्यालाही जमतं. पेन्टेकॉस्ट बहुतेक मे महिन्यात येतो आणि लगेच शाळा उघडतात. डबा फोडून एका मुलाच्या वह्या, गणवेश, बूट. पैसे हातात देण्यापेक्षा दुकानात सोबत जा आणि माप मुलालाच सांगू द्या. फोटो काढायचा नाही. फोटोने सगळं नासतं.

दुसरं, आपण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस म्हणून पाळतो आणि घरकामाच्या बाई मात्र रविवारी दुप्पट भांडी घासतात. त्यांना पगारी सुट्टी द्या, मग ईस्टरवर बोला.

कॅम्प

टिळकवाडीकर, मान्य. तरी मेणबत्तीचंही सांगते, कारण ती रविवारी विझवून ठेवायची वस्तू नाही. शनिवारी रात्रीच्या जागरणविधीत नव्या अग्नीवर पेटते ती पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती: क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीकमधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे, धुपाचे पाच खडे. पेन्टेकॉस्टपर्यंत ती वेदीजवळ असते, नंतर बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी जाते आणि पुढे वर्षभर बाप्तिस्म्याला आणि मयताला पेटते. बाळ आणि शवपेटी, दोघांना उजेड एकाच मेणबत्तीचा. मुलांना पुनरुत्थान समजावायला यापेक्षा सोपं काही सापडत नाही.

तिच्यावरून पेटवलेली छोटी मेणबत्ती घरी आणा. वाटेत वाऱ्याने विझते, म्हणून कागदी पेल्याच्या तळाला फुली मारून त्यातून वर काढा. विझली तरी बिघडत नाही. रोज रात्री जेवणाआधी पाच मिनिटं पेटवायची आणि त्या रात्री घेतलेल्या बाप्तिस्म्याच्या वचनांतला एक प्रश्न म्हणायचा. "सैतानाचा धिक्कार करता का?" याचं उत्तर मोघम देऊ नका. आज दुकानात, ऑफिसात, फोनवर नेमकं काय धिक्कारलं? वळवाच्या पावसात वीज जातेच, तेव्हा पेटवायचं वेगळं आठवावं लागत नाही!

निपाणी

आजाऱ्याच्या घरी ख्रिस्तशरीर (मिस्सातली पवित्र भाकर) आणायचं असेल तर तयारी: छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती पेटवायची नाही. नुसती ठेवा, किंवा ठेवूच नका. गिळायला त्रास असेल तर फादरांना आधी फोन करून सांगा, ते अगदी लहान तुकडा देतात. ते घेण्याआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्यांना लागू नाही, त्यामुळे गोळ्यांची वेळ चुकवू नका. टीव्ही बंद. भेट पंधरा मिनिटांची.

बेळगाव, अनगोळ

आमच्यासारख्या मराठी-कन्नड मिश्र घरांसाठी: बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, एकूण २८ अध्याय. पन्नास दिवसांत दिवसाला एक धरला तरी पुरवठ्याला येतो, मोठे अध्याय तीन बैठकांत. एकाने मराठीत वाचायचं, दुसऱ्याने तोच भाग कन्नडमध्ये. सासूबाईंना एक आणि नातवंडांना दुसरी भाषा कळते, त्यामुळे कोणी नुसतं बसून राहत नाही. सातव्या अध्यायातलं स्तेफनाचं भाषण लांबलचक आहे, तिथे घरं गळतात. ते एका बैठकीत वाचायचा हट्ट नको.

खडेबाजार

गोडाचं कोणी लिहिलंच नाही. शेजारी मार्झिपानची (काजू-साखरेच्या मिठाईची) अंडी वाटणार असाल तर एक गोष्ट: आपल्या नेहमीच्या रीतीत अंड्याचा पांढरा बलक असतो. जैन आणि लिंगायत शेजाऱ्यांना ते चालत नाही, आणि भिडेखातर घेऊन मागे ठेवून देतात. त्यांच्यासाठी वेगळा घाणा करा. अर्धा किलो काजू, अर्धा किलो साखर. काजू कोरडे हवेत, मिक्सर थांबत थांबत फिरवा, एकसारखा फिरवला तर तेल सुटतं. साखर जेमतेम बुडेल इतकं पाणी, एकतारी पाक, त्यात पूड घालून कडा सोडेपर्यंत मंद आचेवर. गुलाबपाणी शेवटी. साच्याला तुपाचा हात. हा घाणा आधी करायचा, अंड्याचा नंतर, म्हणजे भांडी मिसळत नाहीत, आणि देताना "यात अंडं नाही" असं तोंडाने सांगायचं.