गरिबांपर्यंत बँक नेण्यासाठी मोबाइल पुरेसा आहे का?

मूळ मांडणी
गरिबाला बँक हवीच असते. बँकेला तो परवडत नाही. चार पैशांच्या खात्यापायी शाखेचा खर्च निघत नाही आणि खातेदाराची एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते. मोबाइलने हा हिशेबच बदलला. केनियात २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही पैसे पाठवण्याची सेवा साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय चालते; शहरात राबणारा मुलगा एजंटाकडे रोख भरतो आणि गावी फोनवर संदेश आला की आई तिथल्या एजंटाकडून पैसे उचलते. अर्थतज्ज्ञ तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार या सेवेमुळे तेथील १ लाख ९४ हजार कुटुंबे अतिदारिद्र्यातून वर आली. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

प्रतिसाद १
या आकड्यावर अभ्यासक मिलफर्ड बेटमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सविस्तर आक्षेप घेतले आहेत: बुडालेले छोटे धंदे आणि वाढलेली कर्जे त्यात धरलेलीच नाहीत. शिवाय खाते उघडले म्हणजे सेवा मिळाली, हे मला मान्य नाही. अक्षरओळख नसलेली बाई एजंटापुढे फोन धरते आणि पिन तोंडी सांगते. मग ते खाते नेमके कोणाच्या ताब्यात राहिले? जिथे अंगठा लावून पैसे मिळतात तिथे कष्टाने रेषा झिजलेला मजूर बोट पदराला, सदऱ्याला पुसून पुन्हा पुन्हा यंत्रावर दाबतो आणि शेवटी तसाच परततो. एम-पेसावरच मिळणाऱ्या एम-श्वारी या मोबाइल कर्जाला ३० दिवसांसाठी साडेसात टक्के शुल्क होते. वर्षाच्या हिशेबाने ते ९० टक्के होते. ही सावकारीच झाली.

मूळ लेखकाचे उत्तर
शुल्क जाचक आहे, यात वाद नाही. मात्र पैसे पाठवण्याची सोय आणि कर्ज या दोन गोष्टी एका तागडीत तोलू नयेत. घरात आजारपण आले असता नातलगांकडून त्याच दिवशी मदत पोहोचते, तेव्हा बी-बियाणे किंवा जनावर विकण्याची पाळी टळते. हा लाभ कर्जाशिवायचा आहे. कर्जावर नियंत्रण हवे, आणि केनियाने २०२२ मध्ये डिजिटल कर्जदात्यांसाठी परवान्याचे नियम केलेही.

प्रतिसाद २
परवाना वरच्या पातळीवर झाला. एजंटाच्या गल्ल्यातच रोख नसेल किंवा चुकीच्या क्रमांकावर पैसे गेले तर त्या आईने कोणाचे दार ठोठवायचे? तिच्या भाषेत तक्रार ऐकणारा माणूस नेमण्याचा खर्च कंपनीने उचलावा, एवढीच माझी मागणी आहे.