आई-बाबांना कायमचं आपल्याकडे आणलंय का कुणी? (अनुभव धागा)

निशिगंध
परवा लॉफ्ट आवरताना सासऱ्यांची छोटी वही सापडली. "१८२ वेम्बली. लाल दाराचं चर्च आलं की बेल दाबणे. चढताना ड्रायव्हरला गुड मॉर्निंग म्हणणे, मोठ्याने." सत्तरीत लंडनला आले आणि बघता बघता एकटे बसने हिंडायला लागले होते. वही घेऊन तिथेच बसले, आवरणं राहिलं.

ते आले तेव्हा पासष्टीच्या पुढचे आईवडील आपल्या पैशावर अवलंबून आहेत, तिकडे बघणारं जवळचं कुणी नाही, एवढं दाखवलं की जमायचं. जुलै २०१२ मध्ये ब्रिटनचा नियम बदलला. आता माझे बाबा गेले, आई साताऱ्याला एकटी. नियम म्हणतो, अंघोळ-जेवणालाही माणूस लागतो आणि तसा माणूस भारतात पैसे टाकूनही मिळत नाही, हे सिद्ध करा. आई रोज अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून येते. धडधाकट आहे हीच अडचण!

जिथे असाल तिथलं लिहा. कागदपत्रांचंही आणि ते आल्यानंतरचंही.

टवाळ
आमचे बाबा ड्रायव्हरला राम राम करायचे. आता तो आधी करतो.

खारी_बिस्किट
कॅनडा. आईवडिलांना कायमचं आणायच्या लॉटरीचं नाव काढू नका. वर्षानुवर्षं २०२० ला भरलेल्या फॉर्मांतूनच नावं काढत राहिले, आम्ही पीआर (कायमचे रहिवासी) झालो २०२१ ला. म्हणजे रांगेतसुद्धा नाही. शेवटी सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांसाठीचा व्हिजिटर व्हिसा. २०२२ पासून त्यावर एका वेळी ५ वर्षं राहता येतं, पण किमान १ लाख डॉलरचा आरोग्यविमा दाखवावा लागतो. आईला शुगर, बाबांना स्टेंट. हप्त्याचा आकडा ऐकून बाबा म्हणाले, एवढ्यात इथे बायपास होते, वर चार नातेवाईक डबा घेऊन येतात.
(मोबाइलवरून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या)

पगडीवाला
अमेरिका. आपण नागरिक झालो की आईवडिलांच्या ग्रीनकार्डाला (इथे कायम राहायच्या परवान्याला) कोटा नाही, त्यामानाने सोपं. खरी गंमत पुढे. मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) हवं तर सलग ५ वर्षं इथे राहायचं आणि मग हप्ता भरायचा. आमची आई दिवाळीला जाते ती आंबे संपवून येते. गेल्या खेपेला विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, आजी, तुम्ही नक्की राहता कुठे? पापणी न लवता म्हणाली, "डोंबिवली." मी मागे उभा, घाम फुटला. समज देऊन सोडलं.

टवाळ
काकूंना साष्टांग _/\_

नवखा_२२
एच-१बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) वर आईला डिपेंडंट म्हणून आणता येतं का?

पगडीवाला
नाही. एच-४ हा डिपेंडंट व्हिसा फक्त नवरा/बायको आणि २१ च्या आतली मुलं. आई व्हिजिटर म्हणूनच.

रानमेवा
ऑस्ट्रेलियात आधी मुलांची मोजणी. निम्मी तरी मुलं इथे हवीत, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा इथे जास्त. आम्ही तीन भावंडं, दोघं पुण्यात, माझ्या आईबाबांचा विषय तिथेच संपला. नवरा एकुलता एक, म्हणून सासरचं बसतं. पण १४३ नंबरच्या व्हिसाला माणशी ४८ हजार डॉलरच्या आसपास, आणि स्वस्तातल्या १०३ ची रांग तीस वर्षांच्या वर! सासरे ७४ चे. म्हणाले, फॉर्म भरून ठेव, तुझ्या म्हातारपणी सोबतीला येतो.

साधी_भाकर
जर्मनीत १ मार्च २०२४ नंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळाला त्यांना आईवडील, सासूसासरेसुद्धा आणता येतात. आमचा परवाना २०२१ चा. माझ्या हाताखालचा पोरगा आणू शकतो, मी नाही. तोही अडकलाय म्हणा. सरकारी विम्यात आईवडील कुटुंबात धरत नाहीत आणि खासगीवाले सत्तरीच्या माणसाला दारात उभं करत नाहीत.

अबोली_म
सिंगापूर: पगार महिना १२ हजार डॉलरच्या खाली असेल तर विसरा. संपला माझा अनुभव.

काजूगर
दुबईत आई-बाबा मजेत होते. खाली भाजीवाला, शेजारी मालवणी कुटुंब, बाबांना पत्ते खेळायला चौघं. पण त्यांचा व्हिसा आपल्या नोकरीवर टांगलेला. माझी नोकरी गेली तशी त्यांना आधी रत्नागिरीला पोचवलं, मग सामान विकायला काढलं. बाबा जाताना पत्त्यांचा कॅट शेजाऱ्यांकडे ठेवून गेले, "येतोच" म्हणून.

खारी_बिस्किट
अरेरे.

वडाची_साल
पेन्शनवाल्यांनो, नोव्हेंबर विसरू नका, हयातीचा दाखला! आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो म्हणे. ॲप डोळे मिचकवायला सांगतं. आपण हयात आहोत हे पटवायला बाबा सकाळभर सोफ्यावर बसून डोळे मिचकावत होते, आई हसून हसून बेजार.

साधी_भाकर
😂😂 आणि कायमचे परदेशी गेले की भारतातलं साधं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्यावं लागतं. आमच्या शाखेतल्या माणसाला आम्हीच समजावलं.

मोगरा_फुलला
आई टोरांटोजवळ आमच्याकडे दोन हिवाळे राहिली. बाबा गेल्यावर आणली होती. खोली स्वतंत्र, मराठी चॅनेल, मंडळाचा गणपती, सगळं केलं. नाशिकला ती गल्लीतल्या भिशीचा हिशोब ठेवायची. दुपारी कुणी ना कुणी दार वाजवायचं: काकू, चकलीची भाजणी कशी करू, काकू, पाचशे रुपये पुढच्या महिन्यात दिले तर चालतील का. इथे ती खिडकीशी वही घेऊन बसायची आणि आमच्या घरखर्चाच्या पावत्या लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा मला म्हणाली, "तुझ्याकडे काही कमी नाही गं, पण माझ्याकडे मागायला कुणी येत नाही." परत गेली. आता रात्रीची बाई ठेवली आहे. बाई किती वेळा गावी जाते याची रामकहाणी वेगळ्या धाग्यात. लोक विचारतात, पीआरचं बघितलंस का? ती राहायला तयार आहे का, हे कुणी विचारत नाही.

निशिगंध
मोगरा, आईला हे फोनवर वाचून दाखवलं. ती गप्प झाली आणि मग भिशी किती जणींची होती ते विचारत बसली :)

पगडीवाला
आमच्या बाबांचं उलट. न्यू जर्सीत म्हाताऱ्यांच्या डे केअरची व्हॅन दारात येते. कॅरम, भजन, जेवण. तक्रार एकच, आमटी गोड असते.

टवाळ
पुण्याच्या माणसाने आमटीतल्या गोडाबद्दल बोलू नये.

पगडीवाला
गूळ वेगळा, साखर वेगळी!!

निशिगंध
मोगरा, रात्रीच्या बाईला काय देता? साताऱ्यात ब्यूरोवाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात. व्यनि (खासगी निरोप) करते.

खारी_बिस्किट
अवांतर: पुढच्या आठवड्यात मुंबईहून टोरांटोला कुणी येतंय का? आईचा जवळचा चष्मा तिकडेच राहिलाय, फ्रिजवर.