बॉनेट उघडून तुम्ही स्वतः काय काय करता? जुन्या-नव्या गाड्यांचे अनुभव लिहा

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मुलगी म्हणते, नव्या गाडीला काही करावंच लागत नाही. मी म्हणतो, काही करताच येत नाही. भांडण मिटणार नाही, म्हणून हा धागा. घरच्या घरी काय जमलं आणि कुठे हात टेकले, ते लिहा. कंपन्यांना शिव्या नकोत, पाना कुठवर पोचला ते सांगा.

आधी माझं. आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी गाडी होती. रविवारी सकाळी सीबी पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) साफ करणं ठरलेलं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या क्लिपा उचकायच्या, रोटर उपसायचा आणि पॉइंटवर धरलेली काजळी पॉलिश पेपरने हलकेच घासायची. मग गॅप. फीलर गेज होता कुणाकडे? जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा जेमतेम सरकेल एवढी फट ठेवून स्क्रू आवळायचा. एका सेल्फला गाडी लागली की जमलं. मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, की ओलं फडकं पंपावर टाकून आम्ही चहाला. हौस वगैरे नव्हती, करावंच लागायचं.

सांगली, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००
७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि भोवती मोकळी जागा. पाना हातातून सुटला तर सरळ जमिनीवर पडतो, अडकत नाही. स्लो जेट काढून फुंकणं, प्लग, क्लच वायर, सगळं घरी. २०१४ ला उत्पादन थांबलं, तरी पार्ट आमच्याकडे मिळतात. कटकट दुसरीच आहे: पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स आणि दर पाच वर्षांनी तेच. शिवाय २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून रबरी नळ्यांवर लक्ष ठेवतो. नळी मऊ पडली किंवा चीर दिसली की लगेच बदलायची, इंजिन गरम असताना पेट्रोलची गळती म्हणजे खेळ नाही.

नाशिक, पेट्रोल हॅचबॅक
जुन्या गाड्यांचे गोडवे गाणाऱ्यांत बायका किती, बघा जरा. आमच्याकडे अँबॅसेडर होती. आईला चालवता यायची, पण एकटी कधी नेली नाही. वाटेत बंद पडली तर? चोक किती ओढायचा ते फक्त बाबांना आणि मिस्त्रीकाकांना माहीत. मी दहा हजार किलोमीटरला गाडी सर्व्हिसिंगला देते, मध्ये टायरची हवा आणि कूलंटची पातळी बघते. रात्री अकराला मुंबईहून एकटी येते. मला पाना हातात धरायचा नाहीच आहे.

ठाणे
धागाकर्त्यांशी असहमत. नव्या गाडीतही करता येतं, फक्त आधी वाचावं लागतं. स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर खोचायचा आणि मोबाइलवर कोड बघायचा. माझी गाडी मिस मारायला लागली, चेक इंजिनचा दिवा लागला. कोड आला पी०३०१, म्हणजे पहिला सिलिंडर. दहाचा बोल्ट काढून पहिल्याची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर लावली, दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसला, एक चक्कर मारली. आता पी०३०२! म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला, प्लग आणि इंजेक्टर निर्दोष सुटले. नवी कॉइल आणून लावली, विषय संपला. तुमच्या पद्मिनीने असं बोट दाखवून कधी सांगितलं होतं?

कोल्हापूर
मान्य, पण हेडलाइटच्या बल्बचं काय? पूर्वी मागची रबरी टोपी काढली की बल्ब हातात. माझ्या आताच्या गाडीत मागे हातच जात नाही, आधी बंपर उतरवावा लागतो. एलईडी असेल तर बऱ्याचदा अख्खा दिवाच बदला.

पुणे, बीएस-६ डिझेल
घेताना मला कुणी डीपीएफबद्दल बोललं नाही. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि ती काजळी जाळायला गाडी सलग वेगात पळावी लागते. माझं रोजचं घर-ऑफिस म्हणजे सिंहगड रोडचं ट्रॅफिक, त्यामुळे दिवा लागला. मॅन्युअल वाचलं, सातारा रस्त्याला लागून एका वेगात गाडी पळवली, दिवा गेला. पाना लागला नाही. पण रोज चार किलोमीटर गावात फिरणाऱ्याने डिझेल घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

छत्रपती संभाजीनगर, इलेक्ट्रिक
ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. रीजनमुळे, म्हणजे पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते त्यामुळे, ब्रेक पॅडही कमी झिजतात. तरी एका सकाळी गाडी ढिम्म! मोठी बॅटरी भरलेली, पण साधी १२ व्होल्टची उतरलेली. दरवाजे, स्क्रीन, रिले सगळं तिच्यावर चालतं, त्यामुळे ती गेली की बाकीचं असून नसल्यासारखं. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी बाहेरून १२ व्होल्ट दिले, गाडी जागी झाली. जंप केबल डिकीत ठेवा. नारिंगी वायरींना मात्र कुणीही हात लावायचा नाही, त्या हाय व्होल्टेजच्या असतात.