इंजिन नवं, कॉम्प्युटर जुना, आणि आरपीएम शून्य

विषय: इंजिन बदललं, गाडी चालू होईना. कुणाला यातलं कळतं का?

नमस्कार मंडळी,

हा प्रश्न मंडळाच्या ई-मेल यादीवर टाकावा की नाही कळत नव्हतं, पण आता माझी मती खुंटली आहे. माझ्या २००४च्या पिकअपचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन जाम झालं. जुन्या गाड्यांच्या यार्डातून २००८च्या पिकअपचं इंजिन आणलं, तेही ५.३ लिटरचंच. "दोन्ही एकच आहेत, डोळे झाकून बसवा," असं विकणाऱ्याने सांगितलं. मी आणि मेव्हण्याने तीन शनिवार-रविवार घालवून ते चढवलं.

स्टार्टर झकास फिरतो. पेट्रोलचं प्रेशर आहे. स्पार्क मात्र नाही आणि इंजेक्टरही पेट्रोल उडवत नाहीत. एका मेकॅनिकने इंजिन चालवणारा कॉम्प्युटर गेला म्हणून सांगितलं, म्हणून त्याच नंबरचा वापरलेला कॉम्प्युटर आणून लावला. फरक शून्य, उलट आता सिक्युरिटीचा दिवा पेटून बसलाय.

बाकी सगळं जुळलं. क्रँक सेन्सरचा प्लग तेवढा वेगळा निघाला, म्हणून तारा कापून जोडल्या. आणि हो, इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या भागाच्या) मागे जो कॅम सेन्सर (झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टची जागा सांगणारा) असायचा तो बसवायला या इंजिनात भोकच सापडलं नाही. त्याचा प्लग सध्या बांधून ठेवलाय.

– वैतागलेला पिकअपवाला

---

उत्तर १

अरे बाबा, रोग म्हशीला नि औषध पखालीला! कॉम्प्युटर बिचारा ठणठणीत आहे. जी गोष्ट तू जाता जाता शेवटच्या दोन ओळींत सांगितलीस, तिथेच सगळं अडलंय.

क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा, त्याच्या मागच्या टोकाला एक दातेरी चाक असतं. क्रँक सेन्सर त्या चाकाचे दाते मोजतो, आणि इंजिन कुठे आहे, किती वेगाने फिरतंय हे त्यावरूनच कॉम्प्युटरला कळतं. तुझ्या २००४च्या कॉम्प्युटरला एका फेरीत २४ इशारे मोजायची सवय. २००८च्या चाकावर ५८ दाते असतात, म्हणजे ६०ची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. तुझ्या कॉम्प्युटरला त्या मोजणीतून काही अर्थ लागत नाही, म्हणून तो स्पार्कही देत नाही नि पेट्रोलही. इंजिन थांबलंय असंच तो धरून चालतो.

कॅम सेन्सरचंही तेच. जुन्यात तो इनटेकमागे ब्लॉकवर, नव्यात पुढे टायमिंग कव्हरवर. भोक सापडलं नाही तेव्हाच थांबायला हवं होतंस. (रागावत नाही. मीही एकदा उरलेला प्लग टेपने गुंडाळून "बघू नंतर" म्हटलं होतं.)

खात्री करायची तर स्कॅनर लाव, स्टार्टर मार आणि आरपीएमचा (मिनिटाला किती फेऱ्या) आकडा बघ. स्टार्टर फिरत असताना आकडा शून्य किंवा वेडावाकडा आला, तर आणखी एकही पार्ट विकत घेऊ नकोस. जोडीला पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा बिघाड-कोड दिसेल, कदाचित कुठलाच कोड दिसणार नाही. यार्डातून आणलेल्या इंजिनावरच्या मूळ क्रँक सेन्सरचा रंगही बघ. या इंजिनांत काळा असेल तर सहसा २४वाला, करडा असेल तर ५८वाला.

आणि त्या कापलेल्या तारा! दोन्हीकडे तीन-तीन असल्या म्हणून त्यांचा क्रम नि व्होल्टेज एकच असेल असं धरू नकोस. तो सेन्सर गेला असं समजून नवा घे, ५८वाला.

आता उपाय. चाक बदलायचं तर क्रँक बाहेर काढावा लागतो, म्हणजे अख्खं इंजिन उघडणं आलं. ते विसर. मी ५८चे इशारे २४मध्ये बदलून देणारी डबी लावीन. कॅमचा इशाराही तीच सांभाळते.

– गॅरेजात रमणारा काका

---

उत्तर २

काकांचं निदान पटलं, फक्त दोन गोष्टी जोडते.

सिक्युरिटीचा दिवा दुसऱ्या कॉम्प्युटरमुळे आहे. त्याची तुझ्या गाडीशी ओळखच नाही. मूळचा परत लाव, तोच सोपा मार्ग. दुसराच ठेवायचा असेल तर ओळख नव्याने शिकवावी लागेल. आमच्या पिकअपला चावी ऑन ठेवून दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या कराव्या लागल्या होत्या, आणि तेवढा वेळ बॅटरी टिकवायला चार्जर लावला होता.

कुणी २००८चा कॉम्प्युटर घे म्हणून सांगेल, तर आधी विचार कर. तुझ्याकडे एकच कॉम्प्युटर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही चालवतो, २००८मध्ये गिअरबॉक्सचा वेगळा असतो. शिवाय २००४चं मीटर जुन्या पद्धतीच्या डेटा लाइनवर बोलतं आणि २००८ची गाडी 'कॅन' नावाच्या नव्या पद्धतीच्या लाइनवर. इंजिन सुरू होईल, पण मीटरचे काटे पडून राहतील.

जाता जाता: ब्लॉकपासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी लावलीस ना? मल्टिमीटरची एक टोच बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी ब्लॉकवर ठेव आणि स्टार्टर मारायला सांग. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी सैल आहे किंवा राहूनच गेलीय.

– वायरिंगवाली ताई

---

यादीचे व्यवस्थापक: फोटो लहान करून पाठवा. बारा फोटोंची मेल अडकून बसली होती, आत्ता सोडली. बाकी चर्चा चालू द्या, मलाही यातलं थोडं कळायला लागलंय.

---

उत्तर ३

काका, ताई, साष्टांग नमस्कार!

स्कॅनर उसना आणला. स्टार्टर फिरतोय आणि आकडा शून्य. सेन्सरही करडाच निघाला. ताई, पट्टी खरंच राहिली होती. इंजिन उतरवताना काढलेली, कार्पेटखाली सापडली.

मूळ कॉम्प्युटर परत लावला, दिवा गेला. डबी आणि नवा सेन्सर बसवला. शनिवारी सकाळी चावी फिरवली तर आधी आरपीएम १८० दिसला आणि मेव्हणा ओरडायच्या आतच इंजिन सुरू. बाजूच्या घरातले खिडकीत आले.

आता चेक इंजिनचा दिवा लागलाय: पी०३२७ आणि पी०३३२. गाडी चालतेय, पण चढावर दम नाही.

– जरा कमी वैतागलेला

---

उत्तर ४

ते नॉक सेन्सरचे कोड. नॉक म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याने इंजिनात होणारी ठकठक. तुझ्या जुन्या इंजिनात ते इनटेकखालच्या खोबणीत होते, नव्यात ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि जातही वेगळी आहे. जुने प्लग तिकडे कुठेतरी लोंबकळत असतील. कॉम्प्युटरला नॉक ऐकू आलं नाही की तो भीतीपोटी स्पार्कचं टायमिंग मागे ओढतो, म्हणून दम कमी. तोवर ट्रेलर ओढू नकोस. दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, लहान करून. आणि इंजेक्टर, थ्रॉटल जुने चढवलेस की नव्याचेच ठेवलेस, तेही कळव. त्यावर पुढचं ठरेल.

– काका