चुका कमी होत नाहीत, लपतात

वर एकांनी लिहिलंय की साहेब कडक असला की कामं चोख होतात. मला हे अजिबात पटत नाही. चाकणच्या एका कारखान्यात मी चार वर्षं क्वालिटीला होतो. आमचे मॅनेजर सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत एकेकाला झापायचे. त्यानं चुका थांबल्या नाहीत, लोक त्या लपवायला लागले. शंका असलेला माल बाजूला काढायचा सोडून पुढच्या शिफ्टच्या गळ्यात मारायचा. मीही दोनदा तसं केलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ साली आलेल्या रुग्णालयांच्या अभ्यासात हेच दिसतं. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत औषधांच्या चुकांची नोंद उलट जास्त होती, कारण तिथल्या नर्स चूक झाली की मोकळेपणानं सांगत. रिपोर्टमध्ये आकडा कमी दिसला म्हणून खूश होणाऱ्या साहेबांनी हे वाचायलाच हवं.

आणि तब्येत? रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा यायचा. नाशिक फाट्यावर कंपनीची बस दिसली की छाती धडधडायची. घरी मुलीवर खेकसायचो. ती माझ्यासमोर बोलेनाशी झाली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पुरे आता. दुसरी नोकरी मिळेल."

तुम्हाला लगेच सोडणं शक्य नसेल तर निदान साहेबांचे तोंडी हुकूम मेलवर पक्के करून घ्या. झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडे जा. मी सहा महिने उशीर केला.