मदत हवी आहे: समुद्रकाठच्या आरव्ही पार्कमधून पक्षी बघताना

नमस्कार मंडळी. आम्ही कुटुंबासह समुद्राला लागून असलेल्या आरव्ही पार्कमध्ये (आरव्ही म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी; अशा गाड्या मुक्कामाला उभ्या करायची जागा) मुक्कामाला जाणार आहोत. किनाऱ्यावरचे पक्षी निवांत बघायचे, हाच मुख्य हेतू. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

ओहोटीला चिखल उघडा पडला की चिखल्या आणि तुतवार चरायला पसरतात, हे माहीत आहे. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, टक लावून बघतो आणि मग टिपतो. तुतवार मात्र चोच खुपसत चालतच राहतो. हा फरक मुलांना प्रत्यक्ष दाखवायचाय. पण भरतीला हेच पक्षी उंचवट्यावर दाटीवाटीने विसावतात. तेव्हा त्यांना उडवलं तर त्यांची साठवलेली ताकद वाया जाते, म्हणून भरतीच्या वेळी गाडीतूनच बघायचा विचार आहे. माणसापेक्षा उभ्या गाडीला पक्षी कमी बुजतात, असा माझा तरी अनुभव आहे. खिडकीतून बघताना काच उघडी ठेवता की बंद? ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण आहे. लांबच्या थव्यांसाठी स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण) घ्यावाच लागेल का? आणि गाडीत कोणी हललं की स्कोप थरथरतो, त्यावर काय करता?

दुसरी काळजी रात्रीच्या दिव्यांची. किनाऱ्यावर अंड्यांतून निघालेली समुद्री कासवांची पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे भरकटतात. जाड पडदे आणि बाहेरचे दिवे बंद, एवढं पुरेल का, की आणखी काही करायला हवं? कुत्राही सोबत आहे, तो कायम पट्ट्यालाच असेल.