मदत हवी आहे: नवीन लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) बूट होईना, रूट (सिस्टिमचं मुख्य पार्टिशन) माउंटवर पॅनिक, म्हणजे कर्नल तिथंच थांबतो

डेबियन १२ वर ६.६ कर्नल स्वतः कंपाइल केला, लोकलमॉडकॉन्फिग (सध्या लोड असलेलीच मॉड्यूल ठेवणारी कॉन्फिग) वापरून. बूटला 'अनेबल टू माउंट रूट एफएस, अननोन ब्लॉक ०,०' येतंय अन् कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत बसतो. जुना ६.१ ग्रबमधून (बूटचा मेनू) मस्त चालतोय म्हणजे डिस्क ठीकच, एनव्हीएमई (एसएसडीचा प्रकार) आहे, सिक्युअर बूट बंद. इनिट्रॅमएफएस (रूट माउंट व्हायच्या आधी कर्नलला ड्रायव्हर देणारी फाइल, इनिट्रड पण म्हणतात) दोनदा बनवला, अपडेट-ग्रब केलं, इनिट्रडची ओळ पण आहे तिथं. आता कॉन्फिग बघितली तर एनव्हीएमई मॉड्यूल म्हणून आहे (म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या आत नाही, इनिट्रॅमएफएसमधून येतो) अन् आरडी झेडस्टीडी (झेडस्टीडीनं कॉम्प्रेस केलेला इनिट्रॅमएफएस उघडायची सोय) बंद, जीझिप तेवढं चालू. परत कंपाइल म्हणजे तीन तास, इकडं परभणीत लाईटचा नेम नाही राव, बॅटरी पार गेलेली. तर इनिट्रॅमएफएसच्या कॉन्फमध्ये कॉम्प्रेस जीझिप करून नुसता तोच परत बनवला तर भागंल का, का कर्नलच नव्यानं करावा लागंल?